फुप्फुसातल्या विरळ गाठी आणि त्यांचे मूळ

फुप्फुसात गाठ निघाली की घरात पहिला प्रश्न उठतो, "यांनी तर जन्मात विडीला हात लावला नाही, मग हे कसे?" फुप्फुसाच्या बहुतेक कर्करोगांमागे तंबाखूचा धूर असतो, हे खरे. पण काही थोड्या गाठींचे मूळ शोधायचे तर व्यसनाकडे नव्हे, फुप्फुसाच्या घडणीकडे पाहावे लागते.

गर्भाच्या चौथ्या आठवड्यात, जिच्यापासून पुढे अन्ननलिका होते, त्याच नळीला एक कोंब फुटतो. त्या कोंबाची श्वासनलिका आणि फुप्फुसे होतात. म्हणजे श्वसनमार्ग आणि पचनमार्ग ही सख्खी भावंडेच. दोघांच्याही अस्तरात संप्रेरकांसारखी द्रव्ये स्रवणाऱ्या पेशी विखुरलेल्या असतात. त्यांच्यापासून होणारी गाठ म्हणजे कार्सिनॉइड. 'कर्करोगासारखी' अशा अर्थाचे हे नाव जर्मन विकृतिशास्त्रज्ञ सीगफ्रीड ओबर्नडॉर्फर यांनी १९०७ मध्ये लहान आतड्यातल्या गाठींना दिले. फुप्फुसाच्या शंभर कर्करोगांत ही गाठ जेमतेम एक-दोन असते.

श्वासनलिकेच्या भिंतीतल्या कफ स्रवणाऱ्या ग्रंथींची ठेवण लाळग्रंथींसारखी असते. म्हणून लाळग्रंथींत होणाऱ्या काही गाठी क्वचित इथेही उगवतात. अगदी लहान मुलांत होणारी एक विरळ गाठ तर फुप्फुस घडवणाऱ्या अपक्व पेशींतून येते. तिच्यामागे 'डायसर-१' या जनुकातला दोष असतो, हे २००९ मध्ये उघड झाले. हा दोष पुष्कळदा आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असतो. म्हणून भावंडांचीही चौकशी करतात.

वाचकहो, हे सारे कशासाठी जाणून घ्यायचे? कार्सिनॉइड सहसा सावकाश वाढते. ती श्वासनलिका अर्धवट अडवते, छातीत सूं-सूं वाजते, आणि वर्षानुवर्षे दम्याचा उपचार चालू राहतो. थुंकीत रक्त दिसले तर आपल्याकडे आधी क्षयाची शंका येते, आणि ती तपासलीच पाहिजे. पण तपासणीत क्षय सापडला नाही, न्यूमोनिया पुन्हा पुन्हा त्याच जागी होत असेल, किंवा आवाज छातीच्या एकाच बाजूला येत असेल, तर साध्या एक्स-रेवर थांबू नका. सीटी स्कॅन करा. छातीच्या तज्ज्ञाने सांगितले तर दुर्बिणीची तपासणी टाळू नका.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर आहे, म्हणूनच स्पष्ट सांगतो : अशा लक्षणांवर आमच्या गोड गोळ्या घेत दिवस काढू नयेत. गाठ कोणत्या पेशीतून उगवली, हे तिचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच कळते आणि उपचार त्यावरच ठरतो. सौम्य प्रकारची कार्सिनॉइड वेळेवर शस्त्रक्रियेने काढली, तर दहांपैकी नऊ रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात.

आणि रुग्णाला "तूच काहीतरी केले असशील" असे म्हणू नका. त्या कोंबाची वाढ त्याच्या हातात नव्हती. तपासणीला वेळेवर नेणे मात्र तुमच्या हातात आहे.