यंत्राला कोल्हापुरी कळेल काय?

आमच्या गल्लीतल्या तालमीच्या पोरांचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. परवा त्यावर एकाने दुसऱ्याला लिहिले, "रविवारी ये मैदानात, जिता सोडत न्हाई!" रविवारी संध्याकाळी दोघे रंकाळ्यावर एकाच ताटलीत भेळ खाताना मला दिसले. हाच मजकूर एखाद्या यंत्राने चाळला असता तर?

प्रश्न नुसता गमतीचा नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी मोठ्या समाजमाध्यम कंपन्यांना स्वयंचलित साधनांनी मजकूर हुडकण्याचा प्रयत्न करायला सांगितले आहे. बलात्कार, मुलांचे लैंगिक शोषण आणि आदेशाने आधी काढलेलाच मजकूर, एवढ्यापुरते ते आहे. मुलांच्या बाबतीत माझी ना नाही. पण ही चाळणी उद्या साध्या शब्दांना लागली तर? नियम मोडला की कलम 79 चे संरक्षण जाते आणि लोकांच्या लिहिण्यापायी कंपनीच कोर्टात उभी राहते. मग ती कशाला विचार करत बसेल? शंका आली की पुसून टाकेल.

शब्दांचा अर्थ लावणे किती अवघड, ते आपल्या हातकणंगल्यानेच पाहिले. 2022 मध्ये एका काश्मिरी प्राध्यापकावर तिथे गुन्हा नोंदला गेला. 370 कलम हटवले तो 'काळा दिवस' आणि पाकिस्तानला 14 ऑगस्टच्या शुभेच्छा, असे त्यांचे व्हॉट्सॲप स्टेटस होते. मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये गुन्हा रद्द करायला नकार दिला. 7 मार्च 2024 ला सर्वोच्च न्यायालयात न्या. अभय ओक आणि न्या. उज्ज्वल भुयान यांनी तो रद्द केला. टीका हा हक्क आहे. मजकूर दुबळ्या मनाच्या नव्हे, समंजस माणसाच्या नजरेने वाचायचा, ही न्या. व्हिव्हियन बोस यांची नागपूरची जुनी कसोटी त्यांनी लावली. दोन न्यायालयांना एकच ओळ वेगवेगळी दिसली, तिथे यंत्राची काय कथा!

शेजारचे निवृत्त मास्तर मला 7 जून 2023 ची आठवण देतात. स्टेटसवरूनच गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद पडले. त्यांची भीती खोटी नाही. त्या दिवशी मीही दार लावून बसलो होतो. पण गुन्हा नोंदला की कागद असतो, वकील असतो, वरचे कोर्ट असते. यंत्राने गुपचूप पुसलेल्या ओळीचे कारणही कित्येकदा धड कळत नाही.

तालमीतल्या त्या पोराला मी हे सगळे समजावले. डोके खाजवत तो म्हणाला, "काका, म्हंजे आता दम पण शुद्ध मराठीत द्यायचा काय?"