जुन्या मोटारीस दुसरें एंजिन : घालावें कीं न घालावें?

“एंजिन गेलें,” असें मिस्त्रीनें एकदां सांगितलें म्हणजे घरांत दोन पक्ष पडतात. वडीलधाऱ्यांस वाटतें, वीस वर्षें जिनें घराची सेवा केली ती गाडी भंगारांत कशी घालावी? मुलगे म्हणतात, एवढ्याशा किंमतीच्या गाडींत आणखी पैसा ओतणें शहाणपणाचें नव्हे. मारुती ८०० ही मोटार १९८३ च्या डिसेंबरांत प्रथम रस्त्यावर आली व २०१४ च्या जानेवारींत निघावयाची बंद झाली. परंतु ठाणें, कल्याण व डोंबिवली येथें ती अजूनही अनेक घरांच्या दारांत उभी दिसते. तिच्याच निमित्तानें या प्रश्नाचा विचार करूं.

पहिली गोष्ट, एंजिन खरोखरच गेलें आहे काय? निळा धूर म्हणजे तेल जळतें. दाट पांढरा धूर व त्याबरोबर पाणी कमी होणें, म्हणजे बहुधा हेड गॅस्केट फुटलें. काळा धूर म्हणजे पेट्रोलचें प्रमाण जास्त. या तिन्हींस एकच औषध नाहीं. मिस्त्रीस तिन्ही सिलिंडरांचा दाब मापावयास सांगावा. एखाद्याचा दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रांतून चमचाभर तेल घालून पुनः मापावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढला तर दोष व्हॉल्व्हचा किंवा गॅस्केटचा, आणि तो पुष्कळदां हेड उतरवून थोडक्या खर्चांत निघतो. ही परीक्षा न करतां जो एंजिन बदलावयास सांगतो, त्याचा सल्ला आम्ही तरी घेणार नाहीं.

दुसरी परीक्षा पत्र्याची, आणि आमच्या मतें हीच मुख्य. आपला प्रदेश खाडीकांठचा, पाऊस चार महिन्यांचा. येथें गाडी मरते ती बहुधा तळापासून. पायांखालचें रबर उचलून पाहावें, जॅक लावण्याच्या जागा व पुढील चाकांचे आधार स्क्रूड्रायव्हरनें टोचून पाहावे. पत्रा आंत गेला तर दुसऱ्या एंजिनाचा विचारच सोडून द्यावा. २६ जुलै २००५ च्या व २०१९ च्या जुलैमधील पुरांत उल्हास नदीच्या कांठच्या वस्त्यांत पाणी शिरलें, तेव्हां किती गाड्या बुडाल्या हें वाचकांस आठवत असेल. बुडालेली गाडी सुरू करून पाहण्याचा मोह अनावर असतो. पण सिलिंडरांत शिरलेलें पाणी दाबलें जात नाहीं, आणि पिस्टनचा दांडा वांकतो. अशा गाडीस एंजिन नवें मिळालें तरी तारांचे जोड व तळाचा पत्रा भिजलेलेच राहतात.

आतां हिशेब. गाडीची किंमत व एंजिनाची किंमत समोरासमोर ठेवणें ही चुकीची रीत होय. समजा, बंद गाडीचे भंगारवाला २० हजार देतो. एंजिन, मजुरी, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप व तेलाचीं सीलें मिळून ३५ हजार लागतात. म्हणजे दुरुस्त गाडी आपणांस ५५ हजारांस पडली. तशीच चालती गाडी बाजारांत ६० हजारांस मिळत असेल, तर घरचीच बरी; कारण परक्या गाडीचे अवगुण आपणांस ठाऊक नसतात. खर्च ५० हजारांवर गेला तर मात्र दुसरी पाहावी.

याशिवाय नोंदणीची मुदत पाहावी. खासगी मोटारीची पहिली नोंदणी १५ वर्षांची, पुढें पांच पांच वर्षांची. नूतनीकरणाचें शुल्क २०२२ सालीं ६०० रुपयांवरून ५ हजारांवर गेलें आणि २०२५ सालीं वीस वर्षांपलीकडील मोटारींस १० हजार झालें. मुदतीचीं दोनच वर्षें उरलीं असतील तर ते ३५ हजार महिन्यास सुमारें दीड हजार पडतात. घरांतील कर्तीं माणसें रोज लोकलनेंच मुंबईस जातात. गाडी लागते ती आजींस आठवड्यांतून दोनदां डायलिसिसला नेण्यासाठीं, किंवा अपरात्रीं. तेवढ्या फेऱ्यांस रिक्षा वा टॅक्सी किती घेईल, तो आंकडा शेजारीं मांडावा. मात्र जिना उतरण्यास अर्धा तास लागणाऱ्या माणसास दाराशीं उभी असलेली गाडी काय वाटते, हें त्या आंकड्यांत येत नाहीं.

एंजिन कोणतें? तेंच. ८०० चें ७९६ घनसेंटिमीटरचें एंजिन ऑम्नींतही असे. पण कार्बुरेटरचें व इंधन फवाऱ्याचें यांत घोळ करूं नये. तरुणांस मोठें एंजिन बसविण्याची हौस असते. कारखान्यांनीं तसें केलें आहे: प्रीमियरनें १९८५ सालीं ११८ एन. ई. या फियाट घराण्यांतील गाडीस निसानचें ११७१ घनसेंटिमीटरचें एंजिन दिलें, पुढें अँबॅसडरला इसुझूचें १.८ लिटरचें मिळालें. परंतु गिअरबॉक्स, ब्रेक, रेडिएटर यांचा मेळ घालण्यास त्यांच्यापाशीं अभियंते होते. गल्लींतील गॅरेजांत तो मेळ अंदाजानें बसतो. उलट, प्रीमियरच्या कल्याणच्या कारखान्यांत बनलेली प्यूजो ३०९ पाहा. कंपन्यांची भागीदारी मोडली आणि गाडी पोरकी झाली. तिच्या डिझेल मालकांस एवढेंच बरें, कीं तेंच १५२७ घनसेंटिमीटरचें एंजिन झेन व एस्टीमच्या डिझेल गाड्यांतही होतें.

कायद्याची बाजूही हीच आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमान्वयें उत्पादकाच्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी करतां येत नाहीं, आणि २०१९ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही तसेंच सांगितलें. त्याच जातीचें एंजिन घातलें तरी परवानगी आधीं घ्यावी. न घेतां बदललें असल्यास चौदा दिवसांचे आंत, गाडी ठाण्याची असो वा कल्याणची, आपल्या आर. टी. ओ. कचेरींत कळवून नोंदणीपत्रावर नवा क्रमांक चढवून घ्यावा लागतो. विमा कंपनीसही कळवावें, नाहींतर अपघाताचे वेळीं क्रमांक जुळत नाहीं म्हणून दावा अडतो. कुर्ल्याच्या जुन्या बाजारांत एंजिन घेतांना पावतीवर एंजिनाचा क्रमांक व तें ज्या गाडीचें होतें तिचा नोंदणी क्रमांक, दोन्ही लिहवून घ्यावे.