बेगम बाजारचं पोतं, मणक्याची गादी आणि दुर्बिणीचं ऑपरेशन

देगलूर, उदगीर, बिदर, भैंसा इकडचा व्यापारी किराणा-भांडी-सुकामेव्यासाठी हैदराबादच्या बेगम बाजारात जातोच. तिथल्या अरुंद गल्ल्यांत माल हलतो तो हातगाडीवर, नाहीतर हमालाच्या पाठीवर. पोतं उचलणाऱ्याची कंबर जाते, अन् दिवसभर गल्ल्यावर बसणाऱ्याची मान. मग त्याच फेरीत 'जरा मणका दाखवून येऊ' असंही ठरतं. दवाखान्यांच्या पाट्यांवर लिहिलेलं असतं, बिनटाक्याचं, लेझर, त्याच दिवशी घरी.

आधी एक गोष्ट. बहुतेक वेळा अचानक भरलेली कंबर सहा आठवड्यांत बरीच सुटते. माझंच सांगतो. एमआरआयचा कागद बघून एका खासगी दवाखान्यात मला 'गादी सरकलीय, याच आठवड्यात ऑपरेशन करून टाका' सांगितलं होतं. मी कॉमर्सवाला, घाबरण्याआधी बिल विचारलं आणि परत आलो. चालणं, फिजिओथेरपीचे व्यायाम, दोन महिन्यांत पुन्हा मोटारसायकलवर. नंतर कळलं, की काहीच दुखत नसलेल्या पन्नाशीच्या माणसांचे एमआरआय काढले तरी दहातल्या सहा जणांची गादी फुगलेली दिसते. म्हणजे कागदावर गादी दिसली म्हणून दुखणं तिचंच, असं नाही.

मग दुर्बिणीचं ऑपरेशन कशाला? सरकलेली गादी नस दाबते आणि कळ कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत उतरते, त्या सायटिकासाठी. सात-आठ मिलीमीटरच्या नळीतून गादीचा तेवढाच तुकडा काढतात. स्नायू कमी कापले जातात, म्हणून माणूस लवकर उठतो. पण ते पायाच्या कळेवरचं औषध आहे. नुसती कंबर दुखणाऱ्याला त्याचा भरवसा देता येत नाही. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या 283 रुग्णांवर झालेला अभ्यास 2007 साली छापून आला. लवकर ऑपरेशन केलेल्यांची कळ लवकर गेली. पण वर्षअखेर दोन्ही गटांत 95 टक्के लोक बरे होते. थांबवलेल्यांपैकी 39 टक्क्यांना मात्र पुढे ऑपरेशन करावं लागलंच. घाई नसेल तर थांबता येतं, एवढाच त्याचा अर्थ.

मणक्यातलं स्टिरॉइडचं इंजेक्शन किंवा रेडिओलहरींनी नस 'जाळणं' यावर डॉक्टरांतच वाद आहे. 'बीएमजे' या ब्रिटिश नियतकालिकाने 2025 मध्ये जुनाट दुखण्यासाठी ही इंजेक्शनं देऊ नयेत असा सल्ला छापला; वेदनातज्ज्ञांना तो पटलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2023 मध्ये जुनाट कंबरदुखीत व्यायाम आणि समजावून सांगणं यावर भर दिला, पण पट्टा आणि ट्रॅक्शन नको म्हटलं. आपल्याकडे घरोघरी खुंटीला पट्टा टांगलेला असतो, त्याचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

पण काही वेळा थांबायचं नाही. लघवी अडकली किंवा नकळत झाली, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाऊल उचलेना, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा. मानेच्या दुखण्यात शर्टाचं बटण लावता येईना, चाल डळमळू लागली, तर तेही तसंच. ताप, वजन उतरणं आणि रात्रीचं दुखणं एकत्र असेल तर मणक्याचा टीबी तपासून घ्या, आपल्या भागात तो आहे.

आता पैशाचं. तेलंगणाची आरोग्यश्री तिथल्या पात्र कुटुंबांसाठी आहे. नांदेड-लातूरचं रेशनकार्ड त्यात चालत नाही. केंद्राचं आयुष्मान कार्ड मात्र राज्याबाहेरही चालतं, पण योजनेतल्या दवाखान्यातच. तुमचा दवाखाना आणि तुमचं ऑपरेशन त्यात बसतं का, हे निघण्याआधी 14555 वर विचारा. बेगम बाजाराला लागूनच अफजलगंजात सरकारी उस्मानिया रुग्णालय आहे, दुसरं मत तिथेही घेता येतं. एमआरआयची फिल्म सोबत ठेवा, नाहीतर पुन्हा काढायला लावतात.