स्वस्त विमानाची लांब सफर : आधी पडता काढा

जव्हार-मोखाड्याकडचा कारागीर असो की भिवंडीचा कापडवाला, परदेशी गिऱ्हाईक भेटायचे ठरले की पहिला सवाल एकच : तिकीट केवढ्याला? आम्ही कापडाच्या धंद्यातले लोक नुसता मिलचा भाव ऐकून माल उचलत नाही. भाडे, हमाली, कर धरून माल दुकानात केवढ्याला पडला, हा पडता काढतो. स्वस्त विमान कंपनीच्या तिकिटालाही हाच हिशोब लावावा.

स्वस्ताई कोठून येते?

अशी कंपनी एका विमानाच्या दिवसात जास्तीत जास्त फेऱ्या करते, खुर्च्या दाटीने बसवते आणि सामान, जेवण, पसंतीची जागा यांचे पैसे वेगळे घेते. मुंबई-गोव्याला हे जमते. दहा तासांच्या मार्गावर फेऱ्या वाढत नाहीत आणि इंधनाचा खर्च कोणालाच चुकत नाही. लंडन-न्यूयॉर्कची 'स्कायट्रेन' १९७७ मध्ये सुरू झाली, १९८२ मध्ये कंपनीच बुडाली. एअरएशिया एक्सची २००९ ची क्वालालंपूर-लंडन सेवा २०१२ मध्ये बंद पडली. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये भाड्याच्या बोईंग ७८७ विमानांनी मुंबईहून मँचेस्टर व अ‍ॅमस्टरडॅमची सेवा सुरू केली, तेव्हा गरम जेवण तिकिटातच ठेवले. म्हणजे सर्वांचे नियम एक नाहीत. आपल्या तिकिटात काय काय आहे, ते वाचूनच पैसे भरावेत. हलाल जेवण हवे असेल तर तेही आधीच नोंदवावे.

नमुन्यांचे वजन

हातातल्या सामानाला अनेक कंपन्या ७ किलोच देतात. ४४ इंच पन्ह्याचे, १५० जीएसएमचे सुती कापड मीटरला सुमारे १६८ ग्रॅम भरते. बॅगेचे वजन सोडले तरी ७ किलोत एक्केचाळीस मीटरच बसते. तेव्हा पूर्ण ताग्यांऐवजी छोटे तुकडे न्यावेत. जादा वजन घरूनच नोंदवावे, काउंटरवर ते महाग पडते. किमती नमुने परत आणायचे असतील तर फिक्कीकडून मिळणाऱ्या 'एटीए कार्नेट'ची चौकशी करावी. पॉवर बँक हातातच ठेवावी, ती खालच्या सामानात चालत नाही.

दोन तिकिटांचा धोका

सर्वांत मोठे नुकसान येथे होते. मुंबई-शारजा एका कंपनीचे आणि दुबईहून पुढचे दुसरीचे, अशी सुटी तिकिटे जोडली की बेरीज स्वस्त दिसते. पण ही दोन वेगळी विमानतळे आहेत. सामान घेऊन बाहेर पडायचे तर भारतीय पासपोर्टवाल्याला सहसा आधीच व्हिसा काढावा लागतो. पहिले विमान लेट झाले तर दुसरी कंपनी जबाबदारी घेत नाही. तिकीट जाते, गिऱ्हाईकाची वेळही जाते. एकाच पीएनआरवर पूर्ण प्रवास असेल तर पुढची सोय करणे कंपनीवर येते.

समजा, स्वस्त तिकीट ३८ हजारांचे. त्यात सामानाचे ७, जेवण व जागेचे ३ आणि मधल्या मुक्कामाचे ४ हजार धरले तर पडता ५२ हजार. सामान-जेवणासह सरळ तिकीट ५० हजारांना असेल तर स्वस्त कोणते?

निघताना

साखरशेतसारख्या गावाहून जव्हार, तेथून घाट उतरून पालघर आणि पुढे लोकल, असा प्रवास आहे. आंतरराष्ट्रीय काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो. एसटी चुकली म्हणून विमान थांबत नाही. पावसाळ्यात तर आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली आहेत, म्हणून तिकिटावर विमानतळाचे नाव नीट पाहावे. वेब चेक-इन घरीच करावे. काही कंपन्या काउंटरवर त्याचेही पैसे घेतात.

सामान आले नाही किंवा फाटले तर विमानतळ सोडण्यापूर्वी तक्रार लिहून तिची प्रत घ्यावी. १९९९ च्या माँट्रियल करारानुसार खराब झालेल्या सामानाची लेखी तक्रार ते हाती आल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा आलेल्या सामानाची २१ दिवसांत करायची असते. मुदत गेली की हक्क गेला. म्हणून बॅगेची पावती घरी येईपर्यंत जपून ठेवावी आणि नमुन्यांचा एक संच नेहमी हातातल्या बॅगेत असू द्यावा. मोठी बॅग मागे राहिली तरी गिऱ्हाईकासमोर माल मांडता आला पाहिजे.