तुर्कस्तान कोणाच्या बाजूने? : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

तुर्कस्तान १९५२पासून नाटोचा सदस्य आहे आणि या संघटनेत अमेरिकेखालोखाल मोठे सैन्य त्याचेच आहे. याच देशाने रशियाकडून एस-४०० ही हवाई संरक्षण यंत्रणा विकत घेतली आणि रशियाशी लढणाऱ्या युक्रेनला ड्रोन विकले. इस्रायलशी व्यापार तोडल्याची घोषणा त्याने केली, पण अझरबैजानचे तेल त्याच्या जेहान बंदरातून भूमध्य समुद्राकडे जातच राहिले. असे वागणारा देश कोणत्याच खणात बसत नाही. म्हणून मग त्याच्याविषयी सोप्या समजुती तयार होतात. त्यांतल्या बहुतेक पूर्ण खोट्या नसतात, पण अर्ध्यावर थांबलेल्या असतात.

‘तुर्कस्तान पश्चिमेला सोडून रशियाच्या गोटात गेला’

या समजुतीचा सगळा भार एस-४०० खरेदीवर आहे. २०१७मध्ये करार झाला आणि जुलै २०१९मध्ये पहिले सुटे भाग अंकाराजवळच्या तळावर उतरले. त्याच महिन्यात अमेरिकेने तुर्कस्तानला एफ-३५ लढाऊ विमानांच्या कार्यक्रमातून काढले आणि डिसेंबर २०२०मध्ये त्याच्या संरक्षण खरेदी यंत्रणेवर निर्बंध लादले. नाटोतल्या सदस्य देशावर अमेरिकेने अशी कारवाई करणे ही साधी गोष्ट नव्हती.

पण याच काळात रशियाशी काय चालले होते तेही पाहायला हवे. नोव्हेंबर २०१५मध्ये तुर्की विमानांनी सीरियाच्या सीमेवर रशियाचे सुखोई-२४ पाडले होते. त्यावर रशियाने तुर्की भाजीपाल्याची आयात आणि तुर्कस्तानात जाणारे पर्यटक दोन्ही रोखले. पुढच्या जूनमध्ये तुर्की अध्यक्ष एर्दोगन यांनी खेद कळवला तेव्हा कुठे व्यवहार सुरळीत झाला. फेब्रुवारी २०२०मध्ये सीरियातल्या इदलिबमध्ये एकाच हवाई हल्ल्यात किमान तेहतीस तुर्की सैनिक मारले गेले. लिबियात आणि आर्मेनिया-अझरबैजान यांच्यातल्या काराबाखच्या प्रश्नावर दोन्ही देशांचे हितसंबंध एकमेकांना छेद देत होते. क्रिमिया रशियाचा असल्याचे तुर्कस्तानने आजवर मान्य केलेले नाही. युक्रेनला विकलेले बायराक्तार टीबी-२ ड्रोन बनवणाऱ्या कंपनीचे तंत्रप्रमुख तर एर्दोगन यांचे जावई आहेत. याला दोस्ती म्हणायचे असेल तर त्या शब्दाची व्याख्याच बदलावी लागेल.

सगळ्यात बोलके उदाहरण सामुद्रधुन्यांचे आहे. बॉस्फरस आणि दार्दानेल्स यांतून युद्धनौकांची ये-जा १९३६च्या माँत्रो करारानुसार चालते आणि त्या कराराची चावी तुर्कस्तानच्या हाती आहे. रशियाने युक्रेनवर चढाई केल्यावर फेब्रुवारी २०२२च्या अखेरीस तुर्कस्तानने हे युद्ध असल्याचे मान्य केले आणि लढणाऱ्या देशांच्या युद्धनौकांसाठी वाट बंद केली. काळ्या समुद्रातल्या रशियन आरमाराला बाहेरून कुमक मिळणे त्यामुळे अवघड झाले. मात्र जानेवारी २०२४मध्ये ब्रिटनने युक्रेनला दिलेल्या सुरुंगशोधक नौकांनाही त्याच नियमाखाली प्रवेश नाकारला गेला. काळ्या समुद्रात रशियाची मक्तेदारी नको आणि नाटोच्या आरमाराची वर्दळही नको, ही अंकाराची जुनी भूमिका आहे.

रशियावरच्या पाश्चात्त्य निर्बंधांत तुर्कस्तान सामील झाला नाही, कारण त्याच्या आयात वायूपैकी सुमारे ४० टक्के रशियाकडून येतो. मेर्सिन प्रांतातला अक्कुयू अणुवीज प्रकल्प रशियाची रोसाटॉम कंपनी उभारत आहे आणि उन्हाळ्यात अंतालियाचे किनारे रशियन पर्यटकांनी भरतात. दुसऱ्या बाजूला पश्चिमेशी सौदेबाजीही चालूच असते. स्वीडनच्या नाटो प्रवेशाला तुर्की संसदेने वीस महिन्यांच्या घासाघिशीनंतर जानेवारी २०२४मध्ये मंजुरी दिली आणि लगेचच अमेरिकी सरकारने एफ-१६ विमानांच्या विक्रीचा मार्ग मोकळा केला. ऑक्टोबर २०२५मध्ये ब्रिटनकडून २० युरोफायटर टायफून घेण्याचा करार झाला. गोट सोडलेला देश त्याच गोटाकडून विमाने घेत नसतो.

‘हे सगळे एर्दोगन यांच्यामुळे बिघडले’

अमेरिका-तुर्कस्तान तंटे एर्दोगन यांच्याहून वयाने मोठे नसले, तरी त्यांच्या राजकारणाहून बरेच जुने आहेत. १९६४मध्ये सायप्रसच्या प्रश्नावर अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी पंतप्रधान इस्मत इनोनू यांना इतके कडक पत्र पाठवले होते की तुर्की राजनयात ते आजही विसरले गेलेले नाही. १९७४मध्ये सायप्रसवर सैन्य उतरवले ते बुलेंत एजेवित यांनी. ते अतातुर्कांच्या धर्मनिरपेक्ष सीएचपी पक्षाचे नेते होते. अमेरिकेने त्यावर शस्त्रबंदी लादली, ती १९७८पर्यंत टिकली. इराक युद्धासाठी अमेरिकी सैन्याला तुर्की भूमीवरून जाऊ देण्याचा ठराव १ मार्च २००३ रोजी संसदेत आला. बाजूने २६४ आणि विरोधात २५० मते पडली, पण १९ सदस्य तटस्थ राहिल्याने आवश्यक बहुमत हुकले. तो ठराव एर्दोगन यांच्याच पक्षाच्या सरकारने मांडला होता आणि खुद्द एर्दोगन तो संमत व्हावा या मताचे होते.

युरोपीय संघाचेही तसेच. प्रवेशाच्या वाटाघाटी २००५मध्ये सुरू झाल्या आणि सायप्रस, काही युरोपीय नेत्यांची उघड नाखुशी आणि नंतर तुर्कस्तानातल्या न्यायव्यवस्थेची घसरण अशा कारणांनी २०१८च्या सुमारास गोठल्या. तरीही १९९६पासूनचा सीमाशुल्क संघ चालू आहे आणि तुर्की निर्यातीचा सर्वांत मोठा ग्राहक युरोपच आहे.

‘ऑटोमन साम्राज्य आणि खिलाफत परत आणायची आहे’

भाषणांत सुलतानांचे दाखले येतात आणि २०२०मध्ये आया सोफियाची पुन्हा मशीद झाली, हे खरे. पण खिलाफत ३ मार्च १९२४ रोजी अंकाराच्या संसदेने रद्द केली आणि ती परत आणण्याचा कोणताही अधिकृत प्रस्ताव त्यानंतर आलेला नाही. भारतात हा विषय अधिक हळवा आहे. खिलाफत चळवळीचे मुख्य केंद्र मुंबई होते आणि पदच्युत शेवटच्या खलिफांची मुलगी १९३१मध्ये निजामाच्या थोरल्या मुलाची पत्नी झाली. तेव्हा मराठवाडा त्याच निजामाच्या राज्यात होता. तुर्कस्तानात मात्र हा अध्याय केव्हाच मिटला.

धर्माच्या नात्यावर परराष्ट्र धोरण चालवण्याचा खरा प्रयोग अरब देशांतल्या अलीकडच्या जनउठावांनंतर झाला. मुस्लिम ब्रदरहूड या संघटनेशी जवळीक असलेली सरकारे आसपास येतील असा अंदाज होता. जुलै २०१३मध्ये इजिप्तमध्ये लष्कराने त्याच संघटनेतून आलेले अध्यक्ष मोर्सी यांना हटवले आणि तो अंदाज कोसळला. पुढची काही वर्षे इजिप्त, संयुक्त अरब अमिराती आणि सौदी अरेबिया या तिघांशीही तुर्कस्तानचे फाटले. ऑक्टोबर २०१८मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांची इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात हत्या झाली, तेव्हा एर्दोगन यांनी सौदी नेतृत्वाकडे बोट दाखवले.

मग पैसा संपू लागला. सप्टेंबर २०२१मध्ये १९ टक्के असलेला व्याजदर फेब्रुवारी २०२३पर्यंत ८.५ टक्क्यांवर आणला गेला, कारण जास्त व्याजानेच महागाई वाढते असा एर्दोगन यांचा आग्रह होता. तुर्की चलन लिरा घसरला आणि ऑक्टोबर २०२२मध्ये अधिकृत महागाई ८५ टक्क्यांवर गेली. त्याच सुमारास खशोगी खटला एप्रिल २०२२मध्ये सौदी अरेबियाकडे सोपवण्यात आला आणि महिनाअखेरीस एर्दोगन जेद्दाला पोहोचले. अमिरातीने चलन अदलाबदलीचा करार केला, सौदीने मार्च २०२३मध्ये तुर्की मध्यवर्ती बँकेत पाच अब्ज डॉलर ठेवले. फेब्रुवारी २०२४मध्ये एर्दोगन कैरोत इजिप्तचे अध्यक्ष सिसी यांना भेटले. साम्राज्याची भाषा करणाऱ्याला मध्यवर्ती बँकेच्या ताळेबंदाने जमिनीवर आणले, असे म्हणणे अन्यायाचे ठरणार नाही.

पूर्व भूमध्य समुद्रातल्या आक्रमक दाव्यांमागे ‘निळी मायभूमी’ हा सिद्धान्त आहे आणि तो धार्मिक गटांचा नाही. धर्मनिरपेक्ष, राष्ट्रवादी नौदल अधिकाऱ्यांनी तो मांडला. नोव्हेंबर २०१९मध्ये लिबियाशी झालेला सागरी सीमेचा करार त्याच विचाराचे फळ आहे.

‘इस्रायलशी तर हाडवैरच’

इस्रायलला मान्यता देणारा पहिला मुस्लिमबहुल देश तुर्कस्तान होता, १९४९मध्ये. नव्वदच्या दशकात दोन्ही लष्करांत करारही झाले. २०१०मध्ये गाझाकडे निघालेल्या ‘मावी मरमरा’ जहाजावरच्या इस्रायली कारवाईने संबंध तुटले, २०१६मध्ये जुळले, पुन्हा बिघडले आणि २०२२मध्ये इस्रायलचे अध्यक्ष हेरझोग अंकाराला आले. म्हणजे ७ ऑक्टोबर २०२३च्या हमासच्या हल्ल्याआधी दोघे जवळ येत होते.

गाझातील युद्ध सुरू झाल्यावरही कित्येक महिने व्यापार चालू होता. तो मे २०२४मध्ये पूर्ण थांबला. मधल्या काळात काय घडले ते पाहिले की कारण कळते. ३१ मार्चच्या स्थानिक निवडणुकांत फातिह एर्बाकान यांच्या नव्या रेफाह पक्षाने याच व्यापारावर टीकेची झोड उठवून सुमारे ६ टक्के मते घेतली आणि शानलिउर्फासारखे शहर जिंकले. ती मते एर्दोगन यांच्या धार्मिक मतदारांतून गेली होती. गाझाविषयीचा राग खरा होता, पण निर्णयाची वेळ मतपेटीने ठरवली. डिसेंबर २०२४मध्ये असद राजवट कोसळल्यावर सीरियात तुर्कस्तान आणि इस्रायल समोरासमोर आले, तरी टक्कर टाळण्यासाठी त्यांच्या अधिकाऱ्यांनी एप्रिल २०२५मध्ये अझरबैजानमध्ये बोलणी केलीच.

‘तुर्की सरकार विरुद्ध कुर्द’

कुर्द हे तुर्कस्तानच्या लोकसंख्येच्या पंधरा ते वीस टक्के मानले जातात आणि त्यांतले अनेक धार्मिक कुर्द वर्षानुवर्षे एर्दोगन यांच्या एकेपीला मत देत आले आहेत. उत्तर इराकमधल्या बरझानी घराण्याशी अंकाराचे संबंध जवळचे आहेत. संघर्ष आहे तो १९८४मध्ये शस्त्र उचललेल्या पीकेके या संघटनेशी आणि तिच्या सीरियातल्या शाखांशी. त्यात सुमारे ४० हजार माणसे मारली गेली.

या संघर्षाचे चढउतार अंतर्गत राजकारणाशी इतके गुंतलेले आहेत की दोन्ही वेगळे करून सांगता येत नाहीत. २०१३मध्ये सुरू झालेली शांतता प्रक्रिया जुलै २०१५मध्ये मोडली. त्याच्या आदल्या महिन्यात कुर्दसमर्थक एचडीपीने १३ टक्के मते मिळवल्याने एकेपीचे बहुमत गेले होते. पुढे एर्दोगन यांनी कडव्या राष्ट्रवादी एमएचपीशी युती केली आणि १६ एप्रिल २०१७च्या सार्वमतात ५१.४ टक्के मतांनी अध्यक्षीय पद्धत आणली. ऑक्टोबर २०२४मध्ये मात्र त्याच एमएचपीचे देवलेत बाहचेली यांनी १९९९पासून तुरुंगात असलेला पीकेकेचा नेता अब्दुल्ला ओजालान याला संघटना विसर्जित करण्याचे आवाहन करू द्यावे, असे सुचवून सगळ्यांना चकित केले. आवाहन २७ फेब्रुवारी २०२५ रोजी आले, मे महिन्यात पीकेकेने विसर्जनाची घोषणा केली आणि जुलैमध्ये इराकी कुर्दिस्तानात तीस लढवय्यांनी शस्त्रे आगीत टाकली.

बाहचेलींच्या सूचनेनंतर असद यांच्या पतनाने सीरियाची गणिते बदलली, हे ही प्रक्रिया पुढे सरकण्याचे एक कारण. दुसरे कारण अंकाराच्या संसदेत आहे. राज्यघटनेनुसार एर्दोगन यांना २०२८मध्ये पुन्हा उभे राहता येत नाही. मुदतपूर्व निवडणूक किंवा घटनादुरुस्ती हाच मार्ग उरतो आणि त्यासाठी ६००पैकी किमान ३६० सदस्य लागतात. सत्ताधारी आघाडीकडे तेवढे नाहीत. कुर्दसमर्थक डेम पक्षाची मते त्यामुळे मोलाची ठरतात.

‘निवडणुका नावापुरत्या, एर्दोगन हरूच शकत नाहीत’

त्यांचा पक्ष हरला आहे. २०१९मध्ये इस्तंबूलच्या महापौरपदावर सीएचपीचे एक्रेम इमामोलू सुमारे १३ हजारांच्या आघाडीने निवडून आले. निवडणूक रद्द झाली, फेरमतदान झाले आणि आघाडी आठ लाखांवर गेली. ३१ मार्च २०२४च्या स्थानिक निवडणुकांत देशभरात सीएचपीला ३७.८ आणि एकेपीला ३५.५ टक्के मते मिळाली. त्याच्या आदल्या वर्षी, भूकंपात ५० हजारांहून अधिक बळी गेले असताना आणि महागाई भडकलेली असताना, एर्दोगन ५२.२ टक्के मतांनी अध्यक्षपद जिंकले होते. मतमोजणी बऱ्यापैकी खरी असते, पण मैदान सपाट नसते. वाहिन्या बहुतांशी सरकारच्या बाजूच्या, न्यायालये दबावाखाली आणि २०१६च्या फसलेल्या लष्करी उठावानंतर हजारो सरकारी कर्मचारी व न्यायाधीश बडतर्फ झालेले.

मार्च २०२५मध्ये मैदान आणखी कलले. १८ तारखेला इमामोलू यांची पदवी रद्द झाली, म्हणजे अध्यक्षपदाची पात्रताच गेली. दुसऱ्या दिवशी त्यांना ताब्यात घेतले आणि २३ तारखेला तुरुंगात पाठवले. त्याच दिवशी पक्षाने त्यांना अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी मतदान ठेवले होते, तिथे लाखो लोक रांगेत उभे राहिले. युरोपातून निषेध झाला, पण दबक्या आवाजात. ट्रम्प यांच्या अमेरिकेवर विसंबता येत नसताना युरोपला तुर्की सैन्य, तुर्की ड्रोन आणि निर्वासितांना अडवणारी तुर्की सीमा हवी होती. बाहेरचे वजन घरात असे वापरता येते.

‘पाकिस्तानला पाठिंबा केवळ धर्मासाठी’

पाकिस्तानशी तुर्कस्तानची जवळीक १९५५च्या बगदाद कराराइतकी जुनी आहे आणि तेव्हा अंकारात धर्मनिरपेक्ष सरकारे होती. आज त्यात धंदाही आहे. २०१८च्या करारानुसार पाकिस्तानी नौदलासाठी चार कॉर्वेट युद्धनौका बांधायच्या ठरल्या, दोन इस्तंबूलमध्ये आणि दोन कराचीत. धर्म हाच निकष असता तर चीनमधल्या उइघुर मुस्लिमांविषयीही अंकारा तितक्याच जोराने बोलला असता. २००९मध्ये एर्दोगन बोलले होते, पुढे चिनी गुंतवणुकीच्या काळात तो सूर मवाळ झाला.

मे २०२५च्या भारत-पाक संघर्षात पाकिस्तानने तुर्की ड्रोन वापरले. भारताने चेलेबी या तुर्की कंपनीची सुरक्षा परवानगी काढून घेतली, मुंबई विमानतळावरचे तिचे काम थांबले आणि पुण्याच्या व्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदे नाकारली. २०२३च्या भूकंपात ‘ऑपरेशन दोस्त’खाली भारताने पाठवलेल्या मदतीची आठवण त्या वेळी वारंवार निघाली. पण तुर्कस्तानला भारताचे उत्तर बाजारपेठेपुरते नाही आणि ते या संघर्षाच्या आधीपासूनचे आहे. तुर्कस्तानशी तंटा असलेल्या ग्रीस आणि सायप्रसशी संबंध वाढवले गेले, आणि आर्मेनियाने २०२२मध्ये भारताकडून पिनाक रॉकेट प्रणाली मागवली, जी पुण्याच्या एआरडीई प्रयोगशाळेत विकसित झाली आहे. मात्र तोच आर्मेनिया १९९३पासून बंद असलेली तुर्की सीमा उघडण्यासाठी अंकाराशी बोलत आहे आणि त्याचे पंतप्रधान पाशिन्यान जून २०२५मध्ये इस्तंबूलला जाऊन एर्दोगन यांना भेटून आले.