कुत्र्याच्या पंजावरची गाठ

पावसाळा सरून थंडीची चाहूल लागली की मिरजगावच्या आसपासच्या माळांवरचं कुसळी गवत वाळतं आणि वस्तीवरची कुत्री लंगडायला लागतात. बोटांच्या बेचक्यात लालसर फुगवटा दिसतो, कुत्रा दिवसभर तो चाटत बसतो, चार-आठ दिवसांनी गाठ फुटून रक्ताळलेला पू येतो. काटा मोडला असेल, निघेल आपोआप, असं म्हणून घरचे सोडून देतात. कधी कधी तो निघतोही. पण तीच गाठ पुन्हा त्याच जागी आली, किंवा एकीच्या चार झाल्या, तर आत काय चाललंय ते बघायला हवं.

सुरुवात पंजा उलटा करून बघण्यापासून. कुत्रा बोटांवर चालतो, टाच टेकत नाही. पंजाखाली चार बोटांच्या चार गाद्या आणि मधोमध एक मोठी गादी असते. गाद्यांवर केस नसतात, त्यांच्या मधल्या कातडीवर मात्र असतात. उभ्या कुत्र्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर येतं. म्हणून या गाठी पुढच्या पंजांवर जास्त, आणि त्यातही बाहेरच्या दोन बोटांच्या बेचक्यात.

आपल्याकडच्या बहुतेक गावठी कुत्र्यांचे केस आखूड आणि राठ. कुत्रा जड झाला, सांधे दुखत असल्याने पाय वाकडा टाकू लागला किंवा बोटं फाकून चालू लागला, की गाद्यांमधली कातडी जमिनीवर घासते. तिथले आखूड केस पावलागणिक उलटे आत ढकलले जातात. केसाचं मूळ ज्या पिशवीत असतं ती सुजते आणि एक दिवस कातडीच्या आतच फाटते. मग केस आणि पिशवीतला खवला मांसात सांडतात. स्वतःचाच केस, पण शरीर त्याला परका समजून त्याच्यावर तुटून पडतं. कातडीवर एरवी गुमान राहणारे जंतूही आत शिरतात. पुवाला खाली वाट नसते, कारण तिथे वजन पडतं. तो वरच्या बाजूला, बोटांच्या पाठीवर फुटतो. हे झालं पंजाचं केसतूड. मलम लावायचं तर आपण वर दिसणाऱ्या गाठीला लावतो आणि घासणारी जागा तशीच खाली राहते. म्हणून अशा कुत्र्याचं वजन उतरवणं हासुद्धा औषधाचाच भाग असतो. रोज दूध-भाकरीवर वरून बिस्किटं खाणाऱ्या कुत्र्याच्या मालकाला हे पटवणं अवघड जातं, ते वेगळं.

कुसळाची गोष्ट निराळी. कुसळाच्या टोकाला मासेमारीच्या गळासारखे उलट्या दिशेचे बारीक केस असतात, त्यामुळे ते पुढे सरकतं, मागे येत नाही. शेपटीसारखी लांब काडी दमट झाली की पीळ सोडते, वाळली की पुन्हा पीळ घेते. बी जमिनीत घुसावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय बोटांच्या बेचक्यातही तितकीच चालते. कातडीला छिद्र पाडून कुसळ आत गेलं की पावलागणिक ते आणखी वर चढतं. एक्स-रेमध्ये ते दिसत नाही, कारण वाळलेली काडी तिथे उमटत नाही. सोनोग्राफीत कधी कधी सापडतं. खूण एकच, पण बऱ्यापैकी भरवशाची: प्रतिजैविकाच्या गोळ्या चालू असेपर्यंत जखम सुकते, गोळ्या संपल्या की त्याच भोकातून पुन्हा पाझर. अशा वेळी गोळ्या बदलत बसण्यात अर्थ नाही. भूल देऊन, भोक उघडून कुसळ काढावं लागतं. मिरजगावच्या कर्जत तालुक्यात रेहेकुरीच्या काळवीट अभयारण्यासारखी गवताळ राने आहेत, मेंढपाळांचा वावर आहे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या कुत्र्यांचे पंजे या दिवसांत रोज संध्याकाळी बोटं फाकून बघावेत. बाजरीची धसकटं, तूर कापल्यावर राहिलेले टोकदार खुंट, सराटे आणि वेड्या बाभळीचे काटेही हेच करतात. फक्त ते असे प्रवासाला निघत नाहीत.

आता सगळ्यात उपयोगाचा प्रश्न: गाठ किती पंजांवर आहे? एकाच पंजावर, एकाच जागी असेल तर काहीतरी रुतलंय असं धरून चालावं. दोन-तीन पंजांवर एकदम असतील तर काट्याचा संशय सोडावा, कारण काटे असे ठरवून मोडत नाहीत. कारण मग अंगात असतं. लुतीचा एक प्रकार असा आहे की त्यातले किडे केसाच्या मुळातच राहतात. पिल्लू आईला पिताना ते तिच्याकडून त्याच्याकडे येतात, आणि अंगातली ताकद कमी झाली की वाढतात. ही लूत माणसाला लागत नाही. डॉक्टर कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, आणि हे बघितल्याशिवाय खाजेचं स्टेरॉइडचं इंजेक्शन मारून घेऊ नये. खाज दोन दिवस थांबते आणि किड्यांना रान मोकळं होतं. ॲलर्जीचंही असंच: कुत्रा चारही पंजे चाटतो, केस लाळेने तांबूस पडतात, ओल्या बेचक्यात जंतू माजतात.

काही गाठी मुळात गाठीच नसतात. बोटांच्या मध्ये रक्त पिऊन टम्म झालेली गोचीड हाताला चांगली वाटाण्याएवढी लागते. ती चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी, नखाने चिरडू नये. आणि पंजा एकूणच सुजून गाद्यांपर्यंत फुगला असेल तर वर, मनगटाजवळ केस बाजूला करून बघावं. दृष्ट लागू नये म्हणून पिल्लाच्या पायात बांधलेला काळा दोरा पिल्लू वाढलं तरी तेवढाच राहतो. तो कातडीत रुततो, वरून केस येतात आणि दोरा दिसेनासा होतो; बोट फिरवलं की खाचेत लागतो. तो घरी ओढून काढू नये, दवाखान्यात कापून घ्यावा.

सूज किती वेगाने आली हेही बघायचं. तासाभरात पाय दुप्पट झाला, कुत्रा पाय टेकवेना, चाव्याच्या जागेतून रक्त थांबेना, तर घोणस किंवा फुरसं डसल्याची शक्यता धरून लगेच दवाखाना गाठावा. पाय दोरीने आवळू नये, चिरा देऊ नये.

साध्या, नव्या गाठीला घरी एवढं करता येतं: कोमट मिठाच्या पाण्यात पंजा पाच-दहा मिनिटं, दिवसातून दोनदा, आणि नंतर बेचक्या कोरड्या पुसणं. पुसायचा कंटाळा केला तर शेकही फुकट जातो. चाटू नये म्हणून गळ्यात शंकूचा पट्टा. नसेल तर प्लास्टिकच्या छोट्या बादलीचा तळ कापूनही काम भागतं. दुखऱ्या पंजाला हात लावला की घरचा कुत्राही चावतो, म्हणून आधी तोंडाला कापडी पट्टी बांधावी. गाठ दाबून पू काढू नये. ती आतल्या बाजूला फुटते आणि एकीच्या दोन होतात. जळकं ऑइल आणि रॉकेल लावण्याची चाल अजून आहे. कुत्रा ते चाटून पोटात घेतो. घरातली डायक्लोफिनॅकची गोळी तर मुळीच नको. तिच्यामुळे गिधाडं संपत आल्यावर २००६ साली जनावरांसाठी जिच्यावर बंदी आली ती हीच. कुत्र्यात ती जठराला व्रण पाडते आणि मूत्रपिंड बिघडवते.

खोल गेलेल्या पुवाला प्रतिजैविक चार ते सहा आठवडे, काही वेळा त्याहून जास्त द्यावं लागतं. पाचव्या दिवशी गाठ बसली म्हणून गोळ्या थांबवल्या की ती परत येणार हे धरूनच चालावं.

राहिल्या कडक, न दुखणाऱ्या, पू न येणाऱ्या गाठी. तीन वर्षांच्या आतल्या कुत्र्यात बटणासारखी लाल, गुळगुळीत, केस गेलेली गाठ बहुधा निरुपद्रवी असते आणि दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. उतारवयातल्या कुत्र्यात मात्र थांबू नये. एकच बोट नखाच्या मुळाशी सुजलंय, नख सैल झालंय किंवा गळालंय आणि औषधाने फरक नाही, तर ते नखाखालच्या कर्करोगाचं लक्षण असू शकतं; मोठ्या, काळ्या रंगाच्या कुत्र्यांत तो जास्त दिसतो. एक्स-रेत बोटाचं हाड खाल्लेलं दिसतं, आणि गाठीचा तुकडा तपासणीला पाठवून निदान पक्कं होतं. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात ही सोय नसेल, तर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालयात किंवा मुंबईत परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात नेता येतं. इलाज म्हणजे ते बोट काढणं. ऐकायला वाईट वाटतं, पण एक बोट गेलेला कुत्रा जखम भरली की नीट चालतो, पळतोही.

फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. फोनवर ‘पायाला गाठ आलीय’ एवढंच न सांगता कोणता पंजा, वर की खाली, किती पंजांवर, किती दिवसांपासून, आधी फुटून गेली होती का आणि आतापर्यंत काय काय लावलं, हे सांगावं. जळकं ऑइल लावलं असेल तर तेही.