खास बांधणीच्या मोटारी आणि त्यांचे ग्रंथ

मोटारगाडी ही आज दुकानांतून तयार स्थितींत विकत घेण्याची वस्तु झाली आहे. रंग कोणता हवा आणि बैठकीचें कापड कसलें हवें, एवढाच निर्णय काय तो गिऱ्हाइकाच्या वांट्याला येतो. शंभर वर्षांपूर्वीं ही स्थिति नव्हती. रोल्स-रॉइस किंवा बेंटले यांसारखे कारखाने त्या काळीं इंजिन, चाकें आणि पोलादी सांगाडा एवढेंच तयार करून देत. त्यावर बसण्याची पेटी, दारें, टप आणि दिवे चढविण्याचें काम दुसऱ्याच कारखान्याकडे जाई. हे दुसरे कारखानदार मूळचे घोडागाड्या बांधणारे. लंडनची बार्कर ही पेढी १७१० पासून बग्ग्या बांधीत आली होती. घोड्याच्या जागीं इंजिन आलें म्हणून तिला आपला धंदा सोडावा लागला नाहीं. सुतार, लोहार, चर्मकार आणि रंगारी तेच राहिले, फक्त दांड्या नाहींशा झाल्या.

अशा रीतीनें बनलेली गाडी बहुधा एकुलती एक असे. गिऱ्हाईक आपली आवडनिवड सांगे, कारखान्यांतला नक्षाकार तिचें चित्र काढी, त्यावर मालकाची संमति झाली म्हणजे अ‍ॅश नांवाच्या चिवट लांकडाचा सांगाडा उभा राही, आणि त्यावर हातानें वळविलेला अ‍ॅल्युमिनमचा किंवा पोलादाचा पत्रा बसे. रंगाचे हात एकावर एक इतके चढत कीं केवळ रंगाला कित्येक आठवडे लागावेत. या उद्योगाचा अंत मात्र फार लवकर झाला. पत्र्याची पेटी आणि खालचा सांगाडा एकाच अखंड घडणींत बनविण्याची पद्धति रूढ झाली, तेव्हां वेगळ्या पेटीला जागाच उरली नाहीं. बार्कर १९३८ मध्यें हूपरमध्यें विलीन झाली, आणि खुद्द हूपरनें १९५९ मध्यें गाड्या बांधण्याचें थांबविलें.

अशा मोटारी संग्रहीं ठेवणें हें फारच थोड्यांना साधणारें काम आहे. त्यांच्यावरील ग्रंथांचा संग्रह मात्र शहाडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडांतहि होऊं शकतो, निदान पहिलीं दहा वर्षें. पुढें कपाटाचा प्रश्न उभा राहतो. हे ग्रंथ आकारानें मोठे, कागदानें गुळगुळीत आणि वजनानें दगडासारखे असतात, आणि घरांतील इतर मंडळींचें त्यांच्याविषयींचें मत सदैव अनुकूल असतेंच असें नाहीं. तेव्हां अशा संग्रहापासून मिळतें काय, असें कोणीं विचारल्यास तो प्रश्न गैरवाजवी म्हणतां येणार नाहीं.

त्याचें उत्तर हिंदुस्थानाच्या इतिहासांतच आहे. येथील संस्थानिकांनीं गाडी बांधणाऱ्या कारागिराच्या कल्पनेला जेवढें रान मोकळें करून दिलें, तेवढें विलायतेंतील उमरावांनींहि दिलें नव्हतें. पडदानशीन स्त्रियांसाठीं पडदे आणि गडद कांचा, शिकारीसाठीं बंदुकांचे घर आणि प्रखर झोतदिवे, सापाच्या आकाराचे भोंगे, खडकाळ रस्त्यासाठीं उंच केलेली बैठक, अशा मागण्या लंडनच्या कारखान्यांत वरचेवर येऊन पडत. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्यासाठीं बार्करनें बांधलेल्या पिवळ्या रोल्स-रॉइसमध्यें मागची बैठक सिंहासनाप्रमाणें उंच केलेली होती. निजाम १९११ च्या ऑगस्टमध्यें निवर्तले. गाडी पुढें जेमतेम कांहीं शें मैल चालली, आणि आज ती चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. कलकत्त्यांतील एका विलायती गृहस्थानें तर १९१० मध्यें लोस्टॉफ्टच्या ब्रुक कारखान्याकडून चक्क हंसाच्या आकाराची मोटार बांधवून घेतली. तिच्या चोंचींतून गरम पाण्याचे फवारे उडत. रस्त्यावर एवढी गर्दी आणि गोंधळ होऊं लागला कीं पोलिसांना मध्यें पडावें लागलें. पुढें ती नाभा संस्थानच्या महाराजांकडे गेली आणि आतां हॉलंडमधील लाउमन संग्रहालयांत आहे.

मराठी माणसाला या विषयांत विशेष गोडी वाटावी असा भाग म्हणजे मराठी राजघराण्यांचा. १९०८ मध्यें मुंबई ते कोल्हापूर अशी मोटारींची एक कसोटी-शर्यत झाली होती. सह्याद्रीचे घाट चढून-उतरून गाडी न बिघडतां चालते कीं नाहीं, हें त्यांत पाहावयाचें होतें. ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ या नांवाच्या रोल्स-रॉइसनें तींत नांव कमावलें, आणि नंतर ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं विकत घेतली. आज ज्या घाटांतून लोक झोंप काढीत जातात, त्याच घाटांनीं या देशांत त्या गाडीची पत निर्माण केली, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची दृष्टि अगदींच आधुनिक होती. त्यांनीं अमेरिकेंतून ड्यूसेनबर्गचा लांबलचक सांगाडा आणविला आणि १९३५ च्या सुमारास लंडनच्या गर्नी नटिंग या पेढीकडून त्यावर दोन माणसांपुरती पेटी बांधवून घेतली. रंग संस्थानचे, म्हणजे केशरी आणि काळा. कोल्हापूरच्या छत्रपतींची जर्मन मेबॅक मोटार तर दसऱ्याच्या सोहळ्यांत आजहि बाहेर निघते, आणि दसरा चौकांत जमलेल्या हजारों लोकांना ती कोणत्याहि ग्रंथावांचून ठाऊक असते.

परंतु अशा गाड्या थोड्या. बाकीच्यांचें काय झालें? संस्थानें विलीन झालीं, १९७१ मध्यें तनखे बंद झाले, पेट्रोल महागलें, आणि मोटारखान्यांतल्या गाड्या मिळेल त्या भावानें निघूं लागल्या. कित्येक परदेशीं गेल्या. कांहींचे सुटे भाग झाले. कांहींच्या पेट्या उतरवून त्यांवर दुसऱ्याच पेट्या चढल्या, कारण बंद पेटीच्या गाडीपेक्षां उघड्या टपाच्या गाडीला बाजारांत अधिक किंमत येते. राजकोटच्या ठाकोरसाहेबांची ‘स्टार ऑफ इंडिया’ ही थ्रप अँड मेबर्ली पेढीनें १९३४ मध्यें बांधलेली रोल्स-रॉइस अशीच परदेशीं गेली होती. २०१० मधील लिलावानंतर ती पुन्हां राजकोटास आली, हा अपवादच म्हटला पाहिजे. पेटी बदललेल्या गाडीचें मूळ रूप कळण्यास जुनें छायाचित्र, कारखान्याचा नक्षा किंवा जुनी नोंद याशिवाय साधन नाहीं. या साधनांपैकीं बरींचशीं आतां फक्त ग्रंथांतच सांपडतात. म्हणून या विषयांत ग्रंथ ही करमणुकीची वस्तु नसून पुरावा आहे.

पुरावा म्हटला म्हणजे त्याची पारख आली. अलवारच्या महाराजांनीं लंडनच्या दुकानांत अपमान झाला म्हणून रोल्स-रॉइस गाड्या विकत घेऊन त्यांना झाडू बांधले आणि त्यांतून कचरा वाहिला, ही कथा घरोघर ठाऊक आहे. परंतु हीच कथा पतियाळाच्या, भरतपूरच्या आणि हैदराबादच्या नांवावरहि सांगितली जाते. जी गोष्ट चार राजांना सारखीच लागू पडते, ती बहुधा एकालाहि लागू नसते. ही कथा विनातक्रार छापणारा ग्रंथ कितीहि देखणा असला तरी त्यांतील इतर मजकूर सावधपणानेंच वाचावा. उलट ज्या ग्रंथांत सांगाड्याचा क्रमांक, तो कारखान्यांतून निघाल्याची तारीख, पेटी बांधणाऱ्या पेढीचें नांव आणि पहिला मालक अशा रुक्ष नोंदी असतात, तो ग्रंथ चित्रें धूसर असलीं तरी आधीं घ्यावा. रोल्स-रॉइसच्या प्रत्येक सांगाड्याची अशी नोंदपत्रिका कारखाना ठेवीत असे. मालकाच्या खास मागण्याहि तींत लिहिलेल्या असत. या पत्रिका इंग्लंडमधील रोल्स-रॉइसप्रेमी मंडळाच्या दप्तरांत सुरक्षित आहेत, आणि चांगले लेखक त्यांचा आधार घेतात.

आतां प्रत्यक्ष ग्रंथांकडे वळावयाचें तर या देशापुरते दोन ग्रंथ प्रथम घेण्याजोगे आहेत. बडवानीच्या राजघराण्यांतील मानवेंद्रसिंह आणि मुंबईच्या इतिहासकार शारदा द्विवेदी यांचा ‘द ऑटोमोबाइल्स ऑफ द महाराजाज’ हा २००३ मधला. आणि गौतम सेन यांचा ‘द महाराजाज अँड देअर मॅग्निफिसंट मोटर कार्स’ हा २०११ मधला. पहिल्यांत राजवाड्यांतील जुन्या छायाचित्रांची श्रीमंती आहे, दुसऱ्यांत गाड्यांच्या प्रवासाचा मागोवा आहे. अमीन जाफर यांच्या २००६ मधील ‘मेड फॉर महाराजाज’मध्यें मोटारी हा दागिने, पेट्या आणि चांदीचें सामान यांच्या जोडीचा एक विषय आहे, परंतु राजा मोटार कोणत्या मनानें मागवीत असे, हें समजण्यास तोच ग्रंथ अधिक उपयोगी पडतो. बांधणाऱ्या पेढ्यांची ओळख हवी असल्यास निक वॉकर यांचा ब्रिटिश पेढ्यांवरील कोशवजा ग्रंथ (१९९७) आणि लॉरेन्स डाल्टन यांचा रोल्स-रॉइसच्या पेट्यांवरील १९७५ चा ग्रंथ हे दोन पुरेसे आहेत. हिंदुस्थानांतील पेढ्यांनाहि विसरूं नये. मद्रासची १८४० मध्यें निघालेली सिम्प्सन आणि कलकत्त्याची स्टुअर्ट या पेढ्यांनीं येथेंच पेट्या बांधल्या. विलायती ग्रंथांत त्यांना दोनचार ओळीच मिळतात, हा त्या ग्रंथांचा दोष आहे.

अमेरिकेंत याच हौसेला निराळें वळण लागलें. तेथें राजे नव्हते. होते ते गॅरेजमधले तरुण. कॅलिफोर्नियांत १९४० च्या आगेंमागें त्यांनीं साध्या फोर्ड, शेव्हरोलेट, मर्क्युरी गाड्यांचीं छपरें कापून ठेंगणीं केलीं, सांधे वितळलेल्या शिशानें भरून गुळगुळीत केले आणि कारखान्याच्या गाडीला नवाच चेहरा दिला. हॅरी वेस्टरगार्ड आणि जॉर्ज व सॅम बॅरिस हे बंधु यांचीं नांवें त्यांत अग्रेसर. या कामाची माहिती देणारीं डॅन पोस्ट यांचीं छोटीं पुस्तकें आणि जानेवारी १९४८ मध्यें निघालेलें ‘हॉट रॉड’ हें मासिक तेव्हां किरकोळ पैशांत मिळे. वाचणारे त्यांचीं पानें फाडून भिंतीला लावीत आणि तेलकट हातांनीं उलटीत. म्हणूनच तीं आज दुर्मिळ आहेत. राजाची गाडी आणि गॅरेजांतली गाडी यांच्यावरील पुस्तकें एकाच फळीवर ठेवणाऱ्याला दोन्हींतील कारागिराचा हात सारखाच दिसूं लागतो.

शहाडकडील संग्राहकाला हीं पुस्तकें मिळवावयाचीं तर कल्याणला गाडी बदलून मुंबई गांठणें हा जुना मार्ग आहे. हुतात्मा चौकाकडून चर्चगेटकडे जाणाऱ्या पदपथावरील विक्रेते आतां पूर्वींइतके राहिले नाहींत; तरीहि एखाद्या मोडलेल्या बंगल्यांतला अथवा बंद पडलेल्या कचेरींतला ग्रंथसांठा तेथें अधूनमधून उतरतो. मोठ्या ग्रंथांकडे सर्वांचें लक्ष असतें. खरी संधि रद्दींत असते: मोटार विक्रेत्यांच्या सूचिपत्रिका, मालकासाठीं छापलेलीं माहितीपुस्तकें, शर्यतींचे कार्यक्रम, लिलावांच्या याद्या. लिलावाच्या यादींत गाडीचा पूर्वेतिहास दिलेला असतो, आणि लिलाव झाल्यावर ती यादी कोणालाच नको असते.

मिळविण्यापेक्षां राखणें कठीण, आणि या भागांत तर फारच कठीण. उल्हास नदी जवळून वाहते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टींत कल्याण, शहाड, उल्हासनगर या पट्ट्यांतील कित्येक घरांत पाणी शिरलें, आणि जुलै २०१९ मध्यें नदीनें पुन्हां तोच अनुभव दिला. अशा वेळीं साधी कादंबरी भिजली तर ती वाळवून निदान वाचतां येते. मोटारींचे ग्रंथ मात्र चिनी मातीचा लेप दिलेल्या गुळगुळीत कागदावर छापलेले असतात. भिजल्यावर तो लेप गोंदासारखा होतो, आणि पानें वाळतांना एकमेकांना कायमचीं चिकटतात. चारशें पानांच्या ग्रंथाची वीट बनते. मग तींतलें एकहि चित्र सुटत नाहीं. म्हणून असा ग्रंथ भिजला तर तो उन्हांत ठेवूं नये. पानें ओलीं असतांनाच प्रत्येक दोन पानांमध्यें मेणकागद घालावा. पुष्कळ ग्रंथ एकदम भिजले असतील तर ते पिशवींत घालून बर्फ बनविणाऱ्या कप्प्यांत गोठवावे आणि एकेक काढून सवडीनें वाळवावे. गोठलेल्या स्थितींत ते कित्येक आठवडे आहेत तसे राहतात.

यापेक्षां सोपा उपाय म्हणजे खालची फळी रिकामी ठेवणें. जड ग्रंथ खालीं ही सुताराची रीत इतरत्र योग्य असली तरी नदीकांठीं ती उलटवावी लागते, आणि त्यासाठीं कपाट भिंतीला पक्कें जखडावें लागतें. पावसाळ्यांत कपाटाची पाठ भिंतीपासून चार बोटें दूर असावी. मोठे ग्रंथ उभे ठेवले तर पानांच्या भारानें पुठ्ठा निखळतो, म्हणून ते आडवे, परंतु तीनांहून अधिक एकावर एक नसावेत. सूचिपत्रिकांसारखे सुटे कागद असतील त्यांची नक्कल छायाचित्र काढून दुसऱ्या गांवच्या नातलगाकडे पाठवावी. ज्यांच्या घरांत पुढें कोणाला या विषयाची आवड नाहीं, त्यांनीं संग्रहाची यादी, कोणती वस्तु कोठून मिळाली या टिपांसह, हयातींतच तयार करावी. कल्याणचें सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालत आलें आहे. अशा संस्थांशीं बोलणें करावयाचें तर हातीं यादी असली म्हणजे बोलणें लवकर आटोपतें. नुसतीं खोकीं दारांत नेऊन ठेवलीं तर तीं बहुधा खोक्यांतच राहतात.